दुसऱ्या शिडीचा उजवा पाय

शिखराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते अकोले तालुक्यात आहे, माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आहे आणि पायथ्याचं गाव अभयारण्याच्या हद्दीत येतं, एवढं पुरे. नाव छापलं की वाचणाऱ्यांपैकी पाच-पंचवीस जण तरी पुढच्या रविवारी गाडी काढतील, आणि रविवारी तिथे आणखी पाच माणसांनाही जागा उरलेली नाही.

माझं नाव शब्बीर. संगमनेरला अकोले रस्त्यावर माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रील, गोठ्याचं शेड, उसाच्या ट्रॉलीची दुरुस्ती, जे येईल ते आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार बबन गायकवाड. एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो आणि एकाच उस्तादाचा मार खाल्ला. मी मापं काढतो आणि गिऱ्हाइकाशी बोलतो. बबन बोलत नाही, जोडतो. त्यानं केलेल्या जोडावर घण घातला तर शेजारचं लोखंड वाकेल, जोड सुटणार नाही.

तर या बबनला आणि मला काही वर्षांपूर्वी त्या गावच्या वनसमितीनं बोलावलं. शिखराच्या वाटेवर दोन कडे आहेत. पहिल्या कड्याची शिडी जुनी होती, ती दुरुस्त करायची होती. दुसरा कडा माथ्याच्या अगदी खाली. तिथे शिडी नव्हतीच, ती नव्यानं बसवायची होती. मी तोपर्यंत आयुष्यात डोंगर चढलेला नव्हतो. बबननं वर पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मापं तूच काढतोस ना? मग चल."

शिडी म्हणतात, पण तो खरं तर उभा लोखंडी जिना असतो. दोन फूट रुंद, तीसेक पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. दुकानात तो दोन दिवसांत तयार होतो. डोंगरावर न्यायला आठ दिवस लागतात. चार माणसांना उचलता येतील एवढे तुकडे करायचे, ते वर न्यायचे आणि तिथे जोडायचे. वेल्डिंगला वीज हवी म्हणून जनरेटर बांबूला बांधून सहा जणांनी वर नेला. ती सगळी माणसं गावातलीच होती. आम्ही दोघं रिकाम्या हातानं त्यांच्या मागून धापा टाकत चाललो होतो.

लोकांना वाटतं, शिडीची ताकद लोखंडात असते. लोखंड कुणीही जाड घालेल. खरी ताकद असते दगडात. शिडीच्या प्रत्येक पायाखाली एक जाड लोखंडी पाटी असते आणि खालचा खळगा सिमेंटनं भरून ती चार बोल्टांनी खडकात रोवलेली असते. भोक पाडण्याआधी हातोडीनं खडक वाजवून बघायचा. खणखणीत आवाज आला तर दगड जिवंत आहे. बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे, नाहीतर मुरूम आहे. आपल्या सह्याद्रीत कठीण दगडाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडा, भुसभुशीत पट्टा येतो. तो वरून दिसत नाही, हातोडीलाच कळतो.

दुसऱ्या शिडीच्या उजव्या पायाची तीन भोकं चांगल्या दगडात पडली. चौथ्या जागी आवाज बद्द आला. संध्याकाळ होत होती, जनरेटर उचलणाऱ्या माणसांना अंधाराच्या आत खाली पोचायचं होतं. बबन म्हणाला, "पाटी दोन फूट सरकवू. उद्या परत येऊ." मी म्हणालो, "तीन तर पक्के आहेत. मार चौथा." बबननं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यानं मशीन लावलं, आणि भोकातून तांबडी माती बाहेर आली. ती मी बुटानं बाजूला सारली. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आणि पुढे पाच वर्षं मलाही आठवलं नाही.

शिडी झाली त्या नवरात्रात गावातल्या म्हाताऱ्या बायका वर गेल्या. त्यांतल्या कित्येकींना दहा-पंधरा वर्षांत देवी दिसली नव्हती, कारण शेवटचा कडा त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. एकीनं खाली आल्यावर माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "बाबा, तुजं घर भरलेलं ऱ्हाईल," म्हणाली. मी घरी येऊन बायकोला तीनदा सांगितलं. माणसानं असं एखादं काम केलं की त्याला वाटतं, आता दुकान बंद पडलं तरी चालेल.

मग मोबाईलवर कुणीतरी शिडीचा व्हिडिओ टाकला. ढगातून वर जाणारी शिडी, मागे गाणं. माझी शिडी त्यात फार सुंदर दिसत होती, हे कबूल करतो. दोन पावसाळ्यांत गावाचा रंग पालटला. शनिवारी रात्रीपासून गाड्या लागायला लागल्या. भाताच्या बांधांवर पार्किंग झालं. घराघरात पिठलं-भाकरीच्या पाट्या लागल्या, आणि खरं सांगायचं तर पोरींच्या कॉलेजची सोयही त्यातूनच झाली. गर्दीला नावं ठेवणं सोपं असतं. सहा दिवस कंपनीत मान मोडून काम करणाऱ्या माणसाला एकच रविवार मिळतो. त्यानं तो डोंगरावर घालवावा असं वाटलं तर त्याचं काय चुकलं? चूक एवढीच की, सगळ्यांना एकच डोंगर ठाऊक होता.

देखभालीसाठी आम्ही वर्षातून दोनदा जायचो. बोल्ट आवळायचे, गंज खरवडायचा, जस्ताचा रंग मारायचा. तेव्हा नमुने भेटायचे. एक गृहस्थ निम्म्या शिडीवर थांबून मला विचारत होते, "लिफ्टचं काय झालं? मंजूर झाली म्हणे." एकदा लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. नवरीच्या झग्याची झालर कठड्याच्या नटात अडकली. खाली शंभर माणसं खोळंबली, वर शंभर खोळंबली आणि फोटोग्राफर ओरडत होता, "तसंच थांबा, लाईट मस्त आहे!" बबननं खिशातून पाना काढला, नट सैल केला, झालर सोडवली, नट आवळला आणि एक शब्द न बोलता खाली उतरला. त्या फोटोंमध्ये कुठेतरी त्याची पाठ असेल.

ज्या रविवारबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी आम्ही दुरुस्तीला गेलो नव्हतो. श्रावण संपत आला होता. गर्दी मावत नाही म्हणून समितीला तिसरी शिडी हवी होती, दुसरीच्या शेजारी. तिची मापं घ्यायला आम्ही गेलो होतो. जवळ फक्त टेप, ओळंबा, हातोडी आणि दोन पाने.

दुसऱ्या शिडीच्या खाली अंगणाएवढी सपाटी आहे. तिथे ठकूबाईचं ताडपत्रीचं पाल असतं. ठकूबाई गावातलीच, पन्नाशी ओलांडलेली. रोज पहाटे डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन वर यायची आणि लिंबाचं सरबत, काकड्या विकायची. त्या दिवशी सपाटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वनरक्षक सोनवणे मॅडम शिडीच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडत होत्या, "आधी उतरणाऱ्यांना येऊ द्या!" त्यांच्या हद्दीत एवढं जंगल, त्यात वणवा, लाकूडतोड, बिबट्या सगळं त्यांनीच बघायचं, आणि रविवारी ही जत्रा. त्यांचा घसा बसला होता.

शिडीवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना घासून जात होते. मधोमध एक बाई अगदी सावकाश चढत होत्या. चाळिशीच्या, अंगात पंजाबी ड्रेस, डाव्या पायाला पोलिओ. प्रत्येक पायरीवर आधी हातानं कठडा दाबून बघायच्या, मग चांगला पाय टाकायच्या आणि मग दुसरा ओढून घ्यायच्या. त्यांच्या मागे रांग तुंबली होती.

"मॅडम, जरा पटपट," मागून आवाज आला.

"ताई, झेपत नसेल तर बाजूला व्हा ना. सगळे अडकलेत."

बाई थांबल्या. मागे वळून शांतपणे म्हणाल्या, "झेपतंय मला. पण शिडी हलतेय. उजवीकडून."

रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "घाबरलं की सगळंच हलतं."

मी हसलो नाही, कारण "उजवीकडून" हा शब्द ऐकताच मला बुटानं सारलेली ती तांबडी माती आठवली. मी गर्दीतून वाट काढत शिडीच्या उजव्या पायाशी आलो, उकिडवा बसलो आणि पाटीवर तळहात ठेवला. वर कुणी पाऊल टाकलं की पाटी एक केस उचलली जात होती आणि परत बसत होती. चौथ्या बोल्टाभोवती तांबडं पाणी साचलं होतं. आणि त्याच्या ओढीनं तिसराही सैल झाला होता.

बबन माझ्या शेजारी बसला. त्यानं पाटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी आजही त्याचे उपकार मानतो.

"मॅडम, शिडी बंद करा," मी सोनवणे मॅडमना म्हणालो. "आत्ता."

त्यांनी एका नजरेत ओळखलं. "चढणं बंद करते. पण वर गेलेत त्यांचं काय?"

"किती आहेत वर?"

"कसं सांगू? सकाळपासून मी एकटी आहे. दोनशे असतील, तीनशे असतील. शब्बीरभाई, वर किती माणसं आहेत हे या डोंगरावर कुणालाच माहीत नसतं."

धुकं उतरायला लागलं होतं. वर उघडा माथा, अंगावर पातळ कपडे, पोरंबाळं. रात्रभर त्यांना तिथे ठेवणं शक्य नव्हतं. खालून यंत्र आणून दुरुस्ती करायची तर दुसरा दिवस उजाडला असता. मोबाईलला रेंज नव्हती. उतरवायचं ते याच शिडीवरून आणि एका वेळी एकच माणूस, असं आम्ही तिघांनी ठरवलं.

सोनवणे मॅडमनी शिडीवरच्या सगळ्यांना खाली घेतलं. त्या पोलिओच्या बाईही उतरल्या. मी त्यांच्यापुढे गेलो आणि म्हणालो, "तुम्ही बरोबर होतात. शिडी माझी आहे."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मी सुनीता साळवे. केडगावला राहते, शाळेत शिकवते. मला काय करायला लागेल ते सांगा."

मी मागच्या गर्दीकडे बोट दाखवलं. शे-दीडशे माणसं होती. त्यांना काही कळत नव्हतं आणि ती पुढे रेटत होती. एक जण सोनवणे मॅडमवर ओरडत होता, "आम्ही पहाटे तीनला निघालोय पुण्याहून! असं कसं बंद?" साळवे बाई एका दगडावर चढल्या आणि त्यांनी जो आवाज लावला तो मी जन्मात विसरणार नाही.

"सगळ्यांनी खाली बसायचं! जागेवर! शेवटची ओळ, उठा आणि मागे वळा. बोलायचं नाही, धरायचं नाही, एकामागे एक. हो, तुम्हीसुद्धा. टोपीवाले!"

आणि काय सांगू, बसले की सगळे! कंपन्यांचे मॅनेजर असतील, इंजिनिअर असतील, मांडी घालून बसले. ओळीमागून ओळ उठवून बाईंनी अर्ध्या तासात सपाटी मोकळी केली आणि लोकांना पहिल्या शिडीकडे परत पाठवलं. तो पहाटे तीनवाला जाता जाता त्यांना म्हणाला, "सॉरी मॅडम." बाई म्हणाल्या, "पुढे बघून चाला."

वरच्या लोकांना कोण सांगणार, हा प्रश्न राहिला होता. शिडीवरून कुणी चढलं तर तेवढा भार वाढणार होता आणि वरून लोंढा सुटला असता. तोवर ठकूबाई पुढे आली. तिनं पदर खोचला.

"मी जाते वर. शिडीवरनं न्हाई. आमच्या वाटंनं."

शिडी व्हायच्या आधी गावकरी कड्यातल्या खोबणींत पाय रोवून वर जायचे. त्या वाटेची ही खोबण, ती खोबण अशी ठकूबाई बोटानं मोजत गेली आणि शिडीच्या उजव्या पायाशी थांबली.

"हितं एक हुती," ती म्हणाली. "तुज्या पाटीखाली गेली बग. सिमिट वतलंस तू तिच्यावर."

मी इथे पाच वर्षं येत होतो, पण ही खोबण कुणाची आहे हे कधी विचारलं नव्हतं.

"असू दे," ती म्हणाली. "मला हात दे."

बबननं दोन्ही हातांची ओंजळ केली. तिनं तिच्यात पाय ठेवला, वरची खोबण पकडली आणि अनवाणी पायांनी धुक्यात दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं वरून तिचा आवाज आला, "बसा रं समदे! कुनी उठायचं न्हाई! मी नाव घेईन त्यानंच उतरायचं!" नावं तिला कुठली ठाऊक असणार? "लाल टोपी! तू ये. घाई करू नगं." असं तिचं चाललं होतं.

खाली आम्ही ठकूबाईच्या पालाचा बांबू काढला, शिडीच्या उजव्या खांबाला तिरका टेकू दिला. ताडपत्रीचा दोर खांबाला बांधून वरच्या खडकाच्या सुळक्याला वेढा दिला आणि मी तो धरून बसलो. पाटी खालीवर होऊ नये म्हणून बबननं बांबूची पाचर करून तिच्या फटीत ठोकली. प्रत्येक माणूस उतरला की पाचर थोडी सैल व्हायची. बबन ती परत ठोकायचा. शिडी रिकामी झाली की मी हाक द्यायचो, वरून ठकूबाई पुढचा सोडायची.

एक-एक करत कितीजण उतरले मी मोजलं नाही. लहान मुलं बापाच्या पोटाशी बांधून आली. एक आजोबा उतरता उतरता मला म्हणाले, "काळजी करू नका, मी हलका आहे." थंडीनं माझ्या हातात दोराची जाणीव उरली नव्हती.

शेवटचे थोडे राहिले असताना एक धिप्पाड गृहस्थ शिडीच्या मध्यावर आले आणि थांबले. त्यांनी खाली पाहिलं, तेच चुकलं. दोन्ही हातांनी कठड्याला मिठी मारली आणि ते थरथरायला लागले. त्यांच्याबरोबर शिडी थरथरायला लागली. "मी नाही येत! मला नाही जमणार!" असं ते ओरडत होते. ते डावीकडे झुकले. पाटी उचलली गेली. पाचर निसटली आणि बबननं ती पकडायला हात आत घातला, त्याच क्षणी पाटी खाली बसली.

बबन ओरडला नाही. मी वर बघत होतो म्हणून मला कळलंही नाही. मग त्याचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, दुकानात चहा मागतो तसा.

"शब्बीर, पाचर गेली. माझा हात पाटीखाली आहे. इकडे बघू नकोस, त्याला कळेल. त्याला गोडीनं उतरव."

मी दोर सोडू शकत नव्हतो. साळवे बाईंनी बबनचा हात पाहिला होता. त्या शिडीच्या तोंडाशी आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "दादा, नाव काय तुमचं?"

"महेश."

"महेश, माझा एक पाय कामाचा नाही. मी आत्ता याच शिडीवरून उतरले. कसं ते सांगते. खाली बघायचं नाही, समोरच्या पायरीकडे बघायचं. डावा हात सोडा आणि एक पायरी खाली धरा. धरला? आता पाय. शाब्बास. पुन्हा हात."

हात, पाय, हात, पाय. बबनच्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. महेश शेवटच्या पायरीवरून उतरला तेव्हा मी दोर सोडला. सोनवणे मॅडमनी आणि मी खांबाला खांदा लावून पाटी उचलली आणि बबननं हात बाहेर काढला. दोन बोटं पार चेपली होती. ते पाहून महेश मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. बबननंच त्याला डाव्या हातानं थोपटलं. "तुमचं काही नाही हो साहेब. लोखंडाच्या कामात असं होतं."

वर अजून सात-आठ जण होते. बबनला साळवे बाईंनी ओढणीनं हात बांधून बसवलं. महेशनं डोळे पुसले, बबनची जागा घेतली, आणि तो शेवटपर्यंत पाचर ठोकत बसला. त्याच्या मऊ हाताला फोड आले. शेवटी ठकूबाई आली, शिडीवरूनच. खाली उतरल्यावर म्हणाली, "आयला, सोपी हाय की ही."

अकोल्याच्या दवाखान्यात बबनची बोटं वाचवली, पण ती नीट मिटत नाहीत. साळवे बाई तिथपर्यंत आल्या होत्या. निघताना बबनला "जयभीम दादा" म्हणाल्या आणि त्यानंही पट्टी बांधलेला हात उचलला. मी व्हरांड्यात सोनवणे मॅडमपाशी गेलो. त्या अहवाल लिहीत बसल्या होत्या.

"मॅडम, लिहा. चौथा बोल्ट मुरमात होता. बबननं सांगितलं होतं. घाई मी केली."

त्यांनी पेन थांबवलं. "हे लिहिलं तर तुम्हाला पुन्हा सरकारी काम मिळणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "आणि हेही लिहिते की एका वेळी शिडीवर किती माणसं चालतील, हे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं आणि तुम्हीही कुणाला सांगितलं नव्हतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं."

समितीच्या सभेत मला बोलावलं. मी चूक कबूल केली आणि म्हणालो की तिसरी शिडी मी करणार नाही. तिसरी केली तर दुप्पट माणसं येतील आणि माथा तर तेवढाच राहणार. वर किती गेले आणि किती उतरले हे कळेल अशी सोय करा, आणि ठरलेल्या आकड्याच्या वर सोडू नका. यावर मोठा गदारोळ झाला. ठकूबाई उठून माझ्यावरच चवताळली. "तुमी मानसं थांबवनार, आन आमी काय खायचं? तुजं दुकान संगमनेरात हाय. माजं हितं हाय!" तिचं खोटं नव्हतं. तिनं ज्यांचे जीव वाचवले तेच तिचं गिऱ्हाईक होतं. तास-दीड तास भांडण झालं. शेवटी ठरलं की रविवारी आकडा बांधायचा आणि आधी नोंद करून यायचं. आठवड्यातल्या इतर दिवशी येणाऱ्यांना गावानं जेवणाची, मुक्कामाची सोय द्यायची, म्हणजे गर्दी विखुरेल आणि रोजगारही राहील. ते पूर्ण जमलंय असं मी म्हणणार नाही. रविवारी लोक अजून भांडतात. ठकूबाईचं सरबत पूर्वीइतकं खपत नाही आणि ती मला ते ऐकवते.

पाटी सरकवण्याचं काम समितीनं आमच्याकडूनच करून घेतलं, विनामोबदला. मीच तसं म्हणालो होतो. अख्खी शिडीच दोन फूट डावीकडे घेतली. बबनला हातोडी नीट धरवत नव्हती, म्हणून तो कान लावून बसायचा आणि मी खडक वाजवायचो. तो नाही म्हणेल तिथून पुढे सरकायचो. पहिल्या दिवशी एकच भोक पडलं. जुन्या जागेचं सिमेंट मी छन्नीनं स्वतः फोडलं. खाली खोबण जशीच्या तशी होती, आतून गुळगुळीत, कितीतरी पायांनी घासलेली.

थंडी पडल्यावर साळवे बाईंचा फोन आला. त्या रविवारी त्यांचं शिखर राहिलंच होतं. "बुधवारी रजा टाकलीय," म्हणाल्या. "रविवारी माझ्या चालीनं मला कुणी चालू देत नाही. तुम्ही दोघं याल का?"

आम्ही गेलो. वाटेवर तुरळक माणसं होती. त्या थांबल्या की आम्ही थांबायचो. शिडीवर त्यांच्या मागे कुणी नव्हतं. त्यांनी पूर्वीसारखीच प्रत्येक पायरी हातानं दाबून पाहिली, आणि मला वाईट वाटलं नाही. उलट प्रत्येकानं तसं बघावं, असंच वाटलं. वर पोचल्यावर त्या देवळाच्या ओट्यावर बसल्या आणि चहूकडे बघत राहिल्या.

मग त्या उठल्या, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाल्या, "शब्बीरभाई, एक सांगायचं राहिलं. उतरताना मला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुम्हाला घाई नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "दुकान आज बंद आहे."